केळीच्या मुलखातला डबा

"आधी डबा, मंग बठ्ठं," असं म्हणतच अक्का आमच्या खोलीत शिरायच्या. म्हणजे आधी डबे ठेवायला जागा द्या, मग तुमचं वजन, तुमचं बीपी, तुमच्या सुया, काय ते सगळं करा. मागून आबा यायचे, भिंतीला हात लावत, सावकाश. नवऱ्याला उभं ठेवून ही बाई पिशवी सोडत बसते, याचं नव्या नर्सना नवल वाटायचं. मला वाटेनासं झालं होतं.

मी जळगावात एका दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर काम करतो. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त चार तास मशीनमधून फिरवून स्वच्छ करायचं, हा माझा धंदा. एकदा सुरू झालेला पेशंट आठवड्यातून तीनदा येतो आणि येतच राहतो. अशा खोलीबाहेरच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर तिथली माणसं तुम्हीही पाहिली असतील. खाटेवरच्यापेक्षा सोबत आलेलं माणूस आधी थकतं. रडतं, चिडतं, देवाच्या नावाने बोटं मोडतं, आणि मग एक दिवस गप्प होतं. अक्का पहिल्या दिवसापासूनच गप्प होत्या. त्यांचा चेहरा पुसून ठेवलेल्या ओट्यासारखा असायचा, त्यावर काही सांडलेलं मी कधी पाहिलं नाही.

दोघं पाचोऱ्याकडच्या एका गावाहून यायचे. गिरणेच्या पाण्यावर त्यांची केळीची बाग होती. मुलगा पुण्याला नोकरीत. बाग वाट्याने दुसऱ्याला करायला दिलेली, आणि नवराबायको सकाळच्या गाडीने जळगावला. अक्कांचं नाव मला माहीत होतं, पण खोलीत त्यांना सगळे अक्काच म्हणायचे, तेव्हा इथेही तेच राहू द्या.

त्यांची पिशवी म्हणजे एक संसार होता. गाडीत खायचा डबा वेगळा, त्यात तांदळाची धिरडी. मशीनवर दुसऱ्या तासाला खायचा वेगळा, त्यात छोटी भाकरी आणि भाजी. परतीच्या वाटेवरचा वेगळा, त्यात हळदीवर परतलेले बिनमिठाचे मुरमुरे आणि सफरचंदाच्या दोन फोडी. शिवाय एका थर्मासमध्ये बर्फाचे खडे. या पेशंटना पाणी मोजून प्यावं लागतं, आणि जळगावचा उन्हाळा तर तुम्हाला सांगायला नको. तहान फार झाली की अक्का एक खडा आबांच्या जिभेवर ठेवायच्या आणि तो विरघळेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. सगळे डबे खिडकीच्या कट्ट्यावर ज्या क्रमाने खायचे त्या क्रमाने मांडलेले असत. मी एकदा औषधाचा ट्रे ठेवायला एक डबा जरा सरकवला, तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तुमन्या नळ्या सांभाळा."

सफरचंदाच्या फोडींचं मला हसू यायचं. घराला केळीची बाग खेटून, आणि बाई नवऱ्यासाठी थंड मुलखातलं फळ विकत आणते. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. केळ्यात पोटॅशियम भरपूर. तुमच्याआमच्या अंगातून जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, यांच्या अंगात ते साचतं आणि हृदयावर येतं. हे मी नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगतो, आणि आमच्या जिल्ह्यात ते कुणाला पटत नाही. मीठ वाईट, तेल वाईट, साखर वाईट, हे लोक ऐकून घेतात. केळं म्हटलं की मान हलवतात. इथे तान्ह्या पोराला पहिला घास केळ्याचा कुस्करून देतात, बाळंतिणीला केळं, उपासाला केळं, म्हाताऱ्याचे दात पडले की केळं. आमच्या खोलीत आजाऱ्याला भेटायला येणारा माणूसही हातात डझनभर केळी घेऊनच येतो. ती आम्ही दारातच काढून घेतो. स्टाफच्या तब्येती त्यावरच सुधारल्या आहेत.

अक्कांना मात्र एकदाच सांगावं लागलं. डाळ कमी, बटाटा नको, शेंगदाणे नकोत, भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची, तेही पाणी फेकायचं. मीठ नाही. त्यांनी ऐकलं, पदर खोचला आणि तसं करायला लागल्या. दोंडाईच्याच्या मिरचीशिवाय ज्या घरात फोडणी पडली नव्हती, तिथे दोन पाण्यांत उकडलेली वांगी शिजायला लागली.

मी एकदा ती भाजी खाल्ली. दुसऱ्या तासाला आबांचा डबा उघडला की अक्का माझ्यापुढेही झाकणात थोडं काढून ठेवायच्या. ना मीठ ना तिखट, नुसता मऊपणा. मी म्हणालो, "छान झाली आहे."

"खोटं बोलू नका, भाऊ," अक्का म्हणाल्या. "खाई ल्या."

त्या स्वतःही तेच खायच्या. मी म्हटलं, तुम्ही तरी आपल्यापुरतं मीठ घालून घेत जा, तुमची मूत्रपिंडं धडधाकट आहेत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "दोन भगोना कोन घासी?" भांडी घासायचा कंटाळा करणारी बाई ती नव्हती. पण ज्या घरात लोणच्याची बरणी उघडते, तिथे बिनमिठाचं खाणाऱ्याचा जीव काय होत असेल, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी बरणीच काढून टाकली. वर्षभराने तर मला म्हणाल्या की आता लग्नाकार्यात जेवलं की सगळं खारट लागतं, घास फिरतो तोंडात.

आबा मात्र बोलके. चार तास हाताला नळ्या लावून पडलेला माणूस इतका बोलतो हे मी दुसरीकडे पाहिलं नाही. "हाई बाईनी माले सासरवाशीन करी टाकं," असं ते शेजारच्या खाटेला सांगायचे. "इचारीसन खावानं, इचारीसन पेवानं." अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. एकदा आबा माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, मन्हा बागना केळा पार दिल्लीलोंग जातस. बठ्ठा देश खास. मी तेवढा उपाशी." सगळी खोली हसली. अक्कांनी बर्फाचा खडा काढला आणि त्यांच्या तोंडात ठेवला, म्हणजे बोलणं थांबेल.

मग ती अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे अखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आबांची थोरली बहीण शिंदखेड्याला दिलेली, साठी उलटलेली, तरी अखाजी चुकवायची नाही. ती आली आणि भावाला बघून दारातच बसली. एवढा मोठा गडी, त्याची गालफडं आत गेलेली. ताटात काय, तर पांढरं वांगं. अक्का आत पाहुण्यांचा आणि आबांचा असा दोन तऱ्हेचा स्वयंपाक करत होत्या. बहिणीने भावाला परसात नेलं आणि घरच्या बागेची पिकलेली फणी पुढे ठेवली. "तान्हा पोरले बी देतस. केळाघाई काय व्हस?" केळ्याने काय होतं, हे तिचं म्हणणं. आबांनीही नाही म्हटलं नाही. कसं म्हणतील? किती खाल्ली ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचे पाय उचलेनात. जीपमध्ये घालून आणलं तेव्हा छातीच्या ठोक्यांची पट्टी बघून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी धावलो. त्या दिवशी आबा वाचले ते थोडक्यात. त्यांना मशीनवर घेऊन मी बाहेर आलो, तर बाकावर बहीण पदर तोंडात धरून रडत होती आणि शेजारी अक्का बसल्या होत्या, ताठ. आता नणंदेला काय ऐकावं लागतंय म्हणून मी जरा रेंगाळलोच, खोटं कशाला सांगू. अक्कांनी पिशवीतून डबा काढला, उघडला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"खाई ल्या, ताई. सकायपाइन उपाशी शेतस."

बहिणीने डबा तसाच बाजूला ठेवला. वाचल्यावरची भीती फार लवकर रागात बदलते, हे मी कितीदा पाहिलं आहे. ती म्हणाली, भाऊ माझा केळ्याने नाही मेला तर या खाण्याने मरेल. आणि निघून गेली ती पुन्हा अखाजीला आली नाही.

त्यानंतर अक्कांनी घरात केळं येऊ दिलं नाही. बाग वाट्याने करणारा माणूस रिवाजाप्रमाणे पहिली फणी द्यायला यायचा, त्याला फाटकातूनच परत पाठवायच्या. गावात याची चर्चा व्हायला वेळ लागतो का? घरची बाग असून मालकाला केळं नाही, पाहुण्याला दिसेल असं ताट नाही, मीठ नाही, पाणीसुद्धा मोजून. मला हे अक्कांनीच सांगितलं, डबे पिशवीत भरता भरता, बाजारभाव सांगावा तसं.

"गाव म्हनस, मी नवराले उपाशी मारस."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हनू? मी भाजीनं पानी फेकाले जास."

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. वाटलं, बाई, एकदा तरी ओरडा, भांडा, त्या शिंदखेड्याला फोन करून चार शब्द सुनवा. आपल्याकडे ज्या बाईच्या हाताला चव आहे तिचं नाव होतं. पाहुणा उठताना पोटावरून हात फिरवतो, तीच तिची कमाई. अक्कांच्या हाताला तशी चव होती, आबाच सांगायचे, त्यांच्या हातचं भरीत खायला लोक बांधावर येऊन बसायचे. ती सगळी कमाई त्यांनी दोन पाण्यांबरोबर मोरीत ओतली होती, आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हत्या. मी तरी काय बोलणार? माझं काम आकडे बघायचं. आबांचे आकडे चांगले यायचे. खोलीत सगळ्यांत चांगले.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी अक्कांचा फोन आला. आबांची पाळी त्याच दिवशी होती आणि मी मशीन लावून ठेवलं होतं.

"भाऊ, आज आम्ही येवाव नहीत. तेस्नी खाट दुसराले द्या."

मी विचारलं, काय झालं. गाडीला निघताना चपलेत पाय घालता घालता आबा खाली बसले होते आणि उठले नाहीत. केळं नाही, काही नाही. थकलेलं हृदय होतं, कधीतरी थांबणार होतं. अक्कांनी हे दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "डबा भरेल व्हता."

मी बरं म्हणालो. आमच्याकडे कायम कुणीतरी रांगेत असतं, तासाभरात त्या खाटेवर दुसरा पेशंट आला, चादर बदलली, सुया लावल्या. मला रडू आलं नाही. या कामात रडू केव्हाच संपतं, त्याबद्दल मला कुणी निर्दयी म्हणालं तरी चालेल. दुसऱ्या तासाला मी खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं. तिथे नव्या पेशंटच्या मुलाने हेल्मेट ठेवलं होतं. मला काहीच वाटलं नाही, आणि ते काहीच न वाटणं पुढे कितीतरी दिवस अंगात राहिलं. जेवताना, गाडी चालवताना, बायकोशी बोलताना. बायको म्हणाली, लक्ष कुठे आहे. लक्ष कुठेच नव्हतं.

मी पेशंटच्या दहाव्याला जात नाही. जायला लागलो तर दुसरं काही करता येणार नाही. आबांच्या दशक्रियेला मात्र सुट्टी टाकली आणि पाचोऱ्याला उतरून रिक्षाने गिरणेच्या काठावर गेलो.

गाव जमलं होतं. मुलाचं डोकं भादरलेलं, तो गुरुजींच्या समोर बसला होता. बायका एका बाजूला, त्यांत पुढे अक्का. शिंदखेड्याची बहीणही आली होती, पण अक्कांपासून अंतर ठेवून बसलेली. पिंड मांडले, शेजारी पानावर आबांच्या आवडीचं वाढलं, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. स्वयंपाक अक्कांनी केला होता. मुलगा मला म्हणाला, मावश्या, काकू सगळ्या होत्या, आईने कुणाला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. तेच डबे होते, मी दुरून ओळखले.

सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले. समोरच्या बाभळीवर चारदोन कावळे होते. एक उतरला, पानाभोवती फिरला, मान वाकडी करून भरताकडे बघितलं आणि उडून गेला. दुसरा उतरलाच नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. मुलाने हात जोडले आणि म्हणाला, "आबा, आईले मी सांभाळसू." कावळा आला नाही. मग बहीण उठली. "भाऊ, मी अखाजीले येसू," ती म्हणाली, "वहिनीसंगे बोलसू." तरीही नाही.

अशा वेळी गर्दीत एक तरी माणूस असा निघतोच. मागून कुणीतरी म्हणालं, फार हळू नाही, "उपाशी गया मानूस. कावळा कसा शिवी?"

ते सगळ्यांनी ऐकलं. अक्कांनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण बाजूच्या दोघी बायका नकळत जरा सरकल्या, आणि अक्का एकट्या दिसायला लागल्या. मला वाटलं पुढे व्हावं आणि सांगावं, बाबांनो, हा माणूस इतकी वर्षं जगला तो हिच्या डब्यावर. पण मी कोण? दवाखान्यातला पोरगा. माझे पाय हलले नाहीत.

बहीण पानाजवळ उभी होती. ती खाली वाकली, डब्यात उरलेलं भरीत चिमटीत घेतलं आणि जिभेवर ठेवलं. आणि तशीच थांबली.

"वहिनी," ती म्हणाली, "यामा मीठ नही शे."

"तेस्ले चालत नही," अक्का म्हणाल्या.

सहज म्हणाल्या. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, वाटेकऱ्याला हजारदा सांगितलं असेल त्याच सुरात. कुणी हसलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली. आणि मग आपण काय बोललो ते अक्कांच्या कानावर आलं असावं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे.

"हात तसाच चालना, ताई," त्या म्हणाल्या. "दोन्ही पानी बी फेकी टाकं."

बहीण त्यांच्याजवळ गेली आणि खाली मातीतच बसली. तिने अक्कांचा हात धरला. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. मघाशी सरकलेल्या बायका पुन्हा जवळ आल्या. मागे कुजबुजणारा माणूस कोण होता ते कळलं नाही, तो गप्प झाला एवढं खरं.

पूजेच्या सामानात केळी होती. आमच्याकडे कुठल्याही पूजेत असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अक्का उठल्या, तामणाजवळ गेल्या आणि त्यातलं एक केळं उचललं. त्यांच्याच बागेतलं असणार. साल अर्ध्यावर सोलली आणि हात थांबला. त्यांनी मान वर केली. मुलाकडे नाही, गुरुजींकडे नाही, त्या गर्दीत कुणाला तरी शोधत होत्या, आणि मी सापडेपर्यंत शोधत राहिल्या.

"भाऊ," अक्कांनी विचारलं, "आते चाली ना?"

सगळं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं.

"चाली, अक्का," मी म्हणालो. "आते बठ्ठं चाली."

त्यांनी उरलेली साल काढली, अख्खं केळं पानावर ठेवलं आणि आबांना म्हणाल्या, "खाई ल्या."